मुंबई-ठाण्याचं पाणी : उल्हास, भातसा, वैतरणेच्या पाणलोटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बदलापूरला राहते. गेली काही वर्षं शाळांमध्ये, गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये आणि शहापूर-कर्जतकडच्या गावांमध्ये पाण्याबद्दल बोलायला जाते. शहरातले लोक आणि गावातले लोक विचारतात ते प्रश्न वेगळे असतात, पण दोघांचं पाणी एकाच डोंगरावरून येतं. दोन्हीकडचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पाणलोट क्षेत्र म्हणजे नेमकं काय?

पावसाचा थेंब जिथे पडला तिथून उतारावरून ज्या ओढ्याला, नदीला किंवा धरणाला जाऊन मिळतो, त्या ओढ्या-नदीचं ते सगळं क्षेत्र म्हणजे पाणलोट. त्याची हद्द डोंगराच्या धारेवर ठरते, तालुक्याच्या नकाशावर नाही. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. ऊर्ध्व वैतरणा धरणही नाशिक जिल्ह्यातच आहे. अंधेरीतला माणूस पाणी पितो ते इगतपुरी-त्र्यंबकच्या उतारावर पडलेल्या पावसाचं. म्हणून त्या उतारावरचं जंगल तुटलं तर तो प्रश्न अंधेरीचाही होतो.

मुंबईच्या नळाला पाणी येतं कुठून?

सात ठिकाणांहून. विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि सर्वांत अलीकडचं मध्य वैतरणा (२०१४). विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. बाकी पाच धरणं ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत.

आकडे एकदा नीट पाहा. सातही जलाशय काठोकाठ भरले तर उपयुक्त साठा होतो १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. भागाकार केला तर ३७५ दिवस निघतात, बाष्पीभवन वगळून. म्हणजे एका पावसाळ्याचं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत जेमतेम पुरतं, हातात शिल्लक काही राहत नाही. जून कोरडा गेला की लगेच कपातीची बातमी येते ती याच हिशेबामुळे.

आता त्यात विहार-तुळशीचा वाटा किती? दोन्ही मिळून ३५,७४४ दशलक्ष लिटर, म्हणजे शहराची नऊ-सव्वानऊ दिवसांची गरज. एकट्या भातसाचा साठा ७ लाख १७ हजार, जवळपास निम्मा. "तुळशी भरून वाहू लागला" ही बातमी आनंदाची असतेच, पण मुंबईचं वर्ष कसं जाणार हे शहापूर तालुक्यात ठरतं.

भातसाचं पाणी पाइपातूनच येतं ना?

पुष्कळांना हे माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. भातसा धरणातून पाणी सोडलं जातं ते नदीच्या पात्रात. मैलोन्‌मैल ते उघड्या नदीतून वाहत पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग जलवाहिनीतून शहराकडे निघतं. म्हणजे मुंबईचं जवळपास निम्मं पाणी वाटेत उघड्या नदीतून येतं, आणि त्या नदीवर गावं आहेत, शेतं आहेत, वीटभट्ट्या आहेत, सहलीला आलेले लोक आहेत.

खडवली स्टेशनला उतरून एखाद्या रविवारी नदीवर जाऊन बघा. मी मागच्या एप्रिलमध्ये गेले होते. गाड्या पाण्यात अर्ध्या उतरवून धुणं चाललं होतं, साबणाचा फेस एका कडेने सरकत होता, कागदी ताटल्या आणि काचेच्या बाटल्या खडकांत अडकल्या होत्या. गाडी धुणाऱ्या एका मुलाला विचारलं, "हे पाणी पुढे कुठे जातं, माहितीये?" तो म्हणाला, "समुद्रात." तो घाटकोपरहून आला होता.

शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ होतं, हे खरं. पण जितकं घाण पाणी आत येईल तितकी तुरटी, क्लोरिन आणि वीज जास्त लागते. आणि काही रसायनं असली तर नेहमीच्या प्रक्रियेने ती पूर्ण जातही नाहीत.

कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी टंचाई का?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि त्यातली चीड मला समजते. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, घाटमाथ्यावर त्याहून कितीतरी जास्त. पण त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीची धार ते समुद्र हे अंतर पन्नास ते शंभर किलोमीटर. उतार असा उभा की घाटावर पडलेलं पाणी एखाद-दुसऱ्या दिवसात खाडीला लागतं.

त्यात जमिनीखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. तो वाळूसारखं पाणी धरून ठेवत नाही. पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हा मुरूम म्हणजे डोंगराची टाकी समजा. त्यावर झाडं-गवत-पाचोळा असेल तर पाणी थबकतं, मुरतं आणि पुढे डिसेंबर-जानेवारीपर्यंत झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतं. वरचं आवरण गेलं, वणव्याने गवत जळालं, प्लॉट पाडायला मुरूमच खणून नेला, तर पाणी थांबायचं कुठे? पाऊस तेवढाच पडतो. पण पूर्वी मार्चपर्यंत वाहणारा ओढा आता दिवाळीलाच आटतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणता झरा कधी आटायचा हे त्यांना तिथीवार आठवतं.

पावसाळ्यानंतर पाणी डोंगरात किती दिवस थांबतं, पाणलोटाची तब्येत मला यावरून कळते.

धरणं शहापूर तालुक्यात, आणि शहापूरच्याच गावांना टँकर? हे खरं आहे?

खरं आहे. दर उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी गाव-पाड्यांना टँकरने पाणी पुरवावं लागतं. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, सगळी तिथेच किंवा शेजारी. पण धरण दरीत असतं आणि पाडा टेकडावर. धरणातलं पाणी वर चढवायला योजना लागते, वीज लागते, देखभाल लागते. शहराची जलवाहिनी शेकडो कोटींची होते आणि पाड्याची नळयोजना मोटार जळली म्हणून वर्षभर बंद राहते.

मे महिन्यातल्या एका पाड्यावरची सकाळ सांगते. टँकर येतो तो घरोघर पाणी देत नाही, विहिरीत रिकामा होतो. हंडे, कळश्या घेऊन बायका आधीपासून काठावर उभ्या. टँकरची तोटी सुटली की चारी बाजूंनी पोहरे एकदम आत पडतात, दोर एकमेकांत अडकतात. पाणी गढूळ होण्याआधी जिचा हंडा भरला ती सुटली. अर्ध्या तासात विहिरीचा तळ दिसू लागतो. मग एखादी पोर दोराला धरून खाली उतरते आणि कपारीत साचलेलं पाणी वाटीने हंड्यात भरते. त्या विहिरीपासून जलाशयाचं निळं पाणी दिसतं. एक ठाकर आजी मला म्हणाली, "ते आमचं नाय, बाय. ते म्हमईचं." तिच्या बोलण्यात तक्रारसुद्धा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

या गावांसाठी इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखली गेली. अशा योजनांचा पाठपुरावा शहरातल्या लोकांनीही केला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना आधी पाणी, हा साधा न्याय आहे.

कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांचं पाणी कुठलं?

मुख्यतः उल्हास नदीचं आणि बारवी धरणाचं. बारवी हे औद्योगिक विकास महामंडळाचं धरण. ते कारखान्यांना पाणी देतं आणि शहरांनाही. उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला, राजमाचीच्या परिसरातून निघते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीकडे जाते. ठिकठिकाणी बंधारे घालून तिचं पाणी उचललं जातं. शहाड-टेमघर योजनेतून ठाण्यापर्यंतसुद्धा ते पोहोचतं.

पण उल्हासची गंमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्या होतात, उल्हास मात्र मे महिन्यातही वाहते. का? कारण ते पाणी मुळात तिचं नाहीच. घाटमाथ्यावर आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. आंद्रा पूर्वेला जाणारी, भीमेच्या खोऱ्यातली. तिचं पाणी अडवून, बोगद्याने वळवून ते भिवपुरीच्या वीजकेंद्रात घाटाखाली सोडलं जातं. टाटांचं हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. वीज तयार झाली की पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं. जे थेंब एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते कल्याणच्या नळाला येतात.

अशी तीन केंद्रं आहेत. खोपोलीचं (१९१५) पाणी पाताळगंगेला जातं, भिवपुरीचं उल्हासला आणि भिरा केंद्राचं (१९२७) कुंडलिकेला. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणाचं. तेच मुळशी, जिथे १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला. गिरण्यांच्या विजेसाठी बुडालेल्या त्या भाताच्या खाचरांवर आज रायगडमधल्या कितीतरी वस्त्या आणि कारखाने पाणी पितात. कोयनेचंही तसंच, वीज करून पाणी चिपळूणला वाशिष्ठीत उतरतं.

हे सांगायचं कारण असं की हे पाणी आम्हाला वीजनिर्मितीचं उपउत्पादन म्हणून मिळतं. घाटमाथ्यापलीकडच्या दुष्काळी तालुक्यांना ते पूर्वेकडेच हवं आहे आणि त्यांची मागणी चुकीची नाही. उद्या वाटप बदललं तर उल्हासकाठच्या शहरांचा उन्हाळा कसा जाईल, याचं उत्तर आज आमच्याकडे नाही.

नदीवर दरवर्षी जलपर्णी येते. यंत्राने काढून टाकली की प्रश्न सुटेल ना?

नाही. जलपर्णी रोग नाही, तो ताप आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असलेल्या संथ पाण्यात ती वाढते, आणि हे दोन्ही येतात सांडपाण्यातून. शौचालय, न्हाणीघर, साबण, शेतातलं खत. काढून काठावर टाकली आणि सांडपाणी तसंच येत राहिलं, तर काही आठवड्यांत गालिचा पुन्हा तयार.

मोहने-शहाडच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीवर उभं राहिलात तर पाणी दिसत नाही, हिरवं मैदान दिसतं. त्यावर बगळे चालत असतात. खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, डास वाढतात. आणि याच पट्ट्यात पिण्याच्या पाण्याचे पंप आहेत.

उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक नाल्याचं तोंड नदीत उघडण्याआधी अडवून ते पाणी प्रक्रिया केंद्राकडे न्यायचं, आणि ते केंद्र रोज चालवायचं. बांधायचं नाही म्हणत मी, चालवायचं. उद्घाटनाची पाटी लागलेली आणि पंप बंद असलेली केंद्रं मी पाहिली आहेत.

वालधुनी नदी आहे की नाला?

नदी आहे. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या बाजूला तिचा उगम. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधलं अंबरनाथचं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी तिथे असं देखणं मंदिर बांधलं, त्यांनी नाल्याकाठी नक्कीच बांधलं नसेल. पुढे अंबरनाथ-उल्हासनगरचं रासायनिक आणि घरगुती सांडपाणी तिच्यात आलं आणि लोक तिला नाला म्हणू लागले. पाण्याचा रंग वारानुसार बदलायचा, असं काठावरचे लोक सांगतात. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा खटला 'वनशक्ती' संस्थेने राष्ट्रीय हरित लवादात लढला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कागदोपत्री तरी तिला 'नाला' लिहिणं बंद करा, हे मी नगरसेवकांना नेहमी सांगते. नाला म्हटलं की बुजवायला हरकत वाटत नाही.

पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी का येतं?

उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पहिल्या सरींत वाहून येते. पाणी बसवायला वेळ आणि तुरटी जास्त लागते. तोवर उकळून, गाळून प्या. आणि गढूळपणा दरवर्षी वाढतोय असं वाटत असेल, तर वर डोंगरात काय खोदकाम चाललंय ते पाहायला हवं.

वसई-विरारला समुद्र जवळ, तरी विहिरी गोड होत्या. आता खाऱ्या का झाल्या?

वसईच्या जुन्या माणसांना 'बावखल' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वाडीच्या मध्ये खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि केळी, पानवेली, फुलझाडांना रहाटाने दिलं जायचं. वरवर पाहता साधं तळं, पण काम मोठं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि आपल्या वजनाने त्याला समुद्राकडे रेटून धरतं. बावखलांमुळे हा गोड्या पाण्याचा थर जाड राहायचा.

मग दोन गोष्टी झाल्या. बावखलं बुजवून इमारती आल्या, आणि त्या इमारतींना पाणी द्यायला टँकरवाल्यांनी वाड्यांतल्या विहिरी रात्रंदिवस उपसल्या. वरचा थर पातळ झाला, खालचं खारं पाणी वर सरकलं. एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला तो या हिरव्या पट्ट्यासाठी. त्या लोकांनी तेव्हा जे सांगितलं ते आज शब्दशः खरं ठरलं आहे.

आता वसई-विरारला सूर्या प्रकल्पातून पाणी येतं. सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता रोज ४०३ दशलक्ष लिटर, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. पण सूर्येचं धरण बांधलं होतं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी याला विरोध केला, कारण कालव्याच्या टोकापर्यंत पाणी आधीच पोहोचत नव्हतं. बावखलं राखली असती तर वसईची सगळी तहान भागली असती असं नाही, पण दुसऱ्याच्या कालव्यावरचा भार नक्की कमी झाला असता.

आमच्या सोसायटीत बोअरवेल मारावी का?

आधी विहीर आहे का ते बघा. जुन्या चाळी-वाड्यांत विहीर असतेच, फक्त तिच्यावर स्लॅब टाकलेला असतो. तिचा गाळ काढला, तर सांडवापराचं पाणी बऱ्याचदा तिथूनच मिळतं. बोअरवेल बेसॉल्टमध्ये लागेलच असं नाही. भेग सापडली तर पाणी, नाही तर धूळ. दोनशे फुटांवर लागलं नाही म्हणून पाचशेवर जाऊ नका. आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर खोल बोअरवेल म्हणजे खाऱ्या पाण्याला हाताने बोलावणं.

छतावरचं पाणी किती मिळतं? हिशेब कसा करायचा?

सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छत ३०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस २,५०० मिलिमीटर, तर साडेसात लाख लिटर. वीस टक्के वाया गेलं धरलं तरी सहा लाख लिटर हाती राहतं. वीस सदनिका, घरटी पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं, तर ही सोसायटीची चव्वेचाळीस दिवसांची गरज झाली.

इतकं पाणी साठवायला टाकी बांधणं परवडणार नाही. म्हणून शहरात हे पाणी गाळणीतून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचं. मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण २००२ पासून सक्तीचं आहे. बहुतेक ठिकाणी खड्डा आहे, पण गाळणीतली वाळू-खडी कुणी वर्षानुवर्षं धुतलेली नाही. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी छत झाडा, गाळणी उघडून धुवा. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, मग आत घ्या. एवढंच करायचं असतं.

नवी धरणं का बांधत नाहीत?

प्रस्ताव आहेत. गारगाई (रोज ४४० दशलक्ष लिटर), पिंजाळ, दमणगंगा-पिंजाळ जोड, मुरबाडला काळू आणि शाई. गारगाईचं बुडीत क्षेत्र तानसा अभयारण्यात येतं, लाखो झाडं जातील आणि वाडा तालुक्यातल्या ओगद्यासारख्या गावांना उठावं लागेल. काळू धरणाविरुद्ध आदिवासींनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि काम न्यायालयात अडलं.

मी सरसकट धरणविरोधी नाही. तानसा नसता तर मुंबई उभी राहिली नसती. पण जुन्या जलवाहिन्यांची गळती, पाणीचोरी आणि सांडपाण्याचा पुनर्वापर या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून आणखी एक जंगल बुडवायचं, हा क्रम मला मान्य नाही. आणि त्या जंगलाचं काम पाणी धरायचं आहे, हेही विसरू नये.

मग समुद्राचं पाणी गोडं करा. चेन्नई करतेच ना?

करते, मिंजूर आणि नेम्मेली इथे तिचे प्रकल्प आहेत. मुंबईसाठी मनोरीला रोज २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प ठरवला गेला. हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. २०० दशलक्ष लिटरना रोज सात लाख युनिट झाले. शिवाय उरलेलं दुप्पट खारं पाणी परत समुद्रात सोडायचं, आणि मनोरी-गोराईच्या कोळीवाड्यांची मासेमारी तिथेच आहे. अडीनडीचा आधार म्हणून हा पर्याय ठीक. मुख्य आधार म्हणून, जिथे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे, मला पटत नाही.

सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का?

येईल आणि मला सर्वांत जास्त आशा याचीच वाटते. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात नव्या केंद्रांचं काम हाती घेतलं आहे, एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. यातलं सगळं पिण्यासाठी लागत नाही. बागा, रस्ते धुणं, बांधकाम, वातानुकूलन, कारखाने, लोकलच्या डब्यांची धुलाई, इतकं जरी या पाण्यावर चाललं तरी भातसावरचा भार उतरेल. तुमच्या संकुलात छोटं प्रक्रिया केंद्र असेल तर चौकशी करा: ते चालू आहे का, आणि ते पाणी शौचालयाच्या टाकीत जातं की गटारात?

पूर आणि पाणलोटाचा काय संबंध?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसात पाणी तुंबणारच. पण विहार-पवईच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी तोवर भरावाने आवळलेली होती, म्हणून पाणी इतकं चढलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी होड्यांनी बाहेर काढले. आम्ही ते जवळून पाहिलं. उल्हास त्या दिवशी कुणाच्या घरात घुसली नाही, ती तिच्या पूरमैदानात आली होती. तिथे आता इमारती आहेत.

घर घेताना जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' दिसला, तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत घर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

तिवरांचा यात काय भाग?

नदीने आणलेला गाळ तिवरं धरतात, भरतीचा जोर मोडतात, आणि कोळंबी-बोईची पिल्लं तिथेच वाढतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. पण खाडीला वरून गोडं पाणी आलं नाही, किंवा आलं ते घाण आलं, तर दर्जाची पाटी काय करणार? खाडी हे पाणलोटाचं शेवटचं घर.

आम्हाला डोंगरावर झाडं लावायची आहेत. कुठे लावू?

लावण्याआधी दोन गोष्टी करा. वणवा थांबवा, त्यासाठी डिसेंबरात गावकऱ्यांसोबत जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा मोकळा करा. आणि चराई दोन-तीन वर्षं आळीपाळीने बंद ठेवायला गावाला राजी करा. सह्याद्रीत बी जमिनीत असतंच. जाळलं नाही तर जंगल आपोआप उठतं. लावायचीच असतील तर ओढ्याकाठी उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज लावा. दाट गवत असलेल्या उतारावर यंत्राने चर खोदू नका, धरून बसलेली माती त्याने सुटते. ऑक्टोबरात ओढा वाहता असताना रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. वीस माणसं, एक दिवस. पाड्यावरच्या बाईची पाण्याची एक खेप जानेवारीपर्यंत वाचते.

नदीचा रंग बदललेला किंवा मासे मेलेले दिसले तर?

लगेच फोटो आणि व्हिडिओ काढा, त्यात जागा आणि वेळ दिसू द्या. नाल्याचं तोंड दिसत असेल तर तेही घ्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार करा, प्रत महापालिकेला द्या आणि पोचपावती घ्या. फोनवरची तक्रार कुठेच राहत नाही. मी एकदा रात्री अकराला गुलाबी पाणी पाहिलं, सकाळी तक्रार केली, तपासणीला माणूस आला तिसऱ्या दिवशी. तोवर पाणी नेहमीसारखं काळं झालं होतं. त्यानंतर आम्ही काठावरच्या पाच-सहा घरांचा एक गट केला. कुणालाही रंग दिसला की त्याच वेळी सगळ्यांनी वेगवेगळी तक्रार करायची. पुढच्या वेळी माणूस त्याच दिवशी आला.

आम्ही पाणीपट्टी भरतो. आणखी काय करायचं?

पाणीपट्टी पाइपाची, पंपाची आणि शुद्धीकरणाची असते. डोंगर राखणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. पाणीपट्टीतला ठरावीक वाटा शहापूर, मुरबाड, कर्जत, मोखाड्याच्या ग्रामसभांना जंगल राखण्यासाठी थेट मिळावा, ही माझी मागणी आहे आणि मी ती प्रत्येक व्यासपीठावर करते. तुम्हाला पटत असेल तर तुमच्या प्रभागाच्या सभेत मांडा. अंदाजपत्रकाच्या आधी, नंतर नाही.

मुलांना हे सगळं दाखवायला कुठे न्यावं?

कसाऱ्याची लोकल पकडा. टिटवाळ्याला काळू दिसेल, खडवलीला भातसा. दुसऱ्या रविवारी कर्जतची लोकल घ्या आणि वांगणी किंवा शेलूला उतरून उल्हासपर्यंत चालत जा. मे महिन्यात न्या. डबा न्या, प्लास्टिक परत आणा. मुलांना पाण्यात हात बुडवायला सांगा आणि विचारा, हे पाणी कोणत्या डोंगरावर पडलं असेल.